ब्रिटनमध्ये पोलिसांविरुद्ध तक्रार करायची झाली तर

महाराष्ट्रातून नव्याने आलेल्यांची पहिली गडबड शब्दावरून होते. आपल्याकडे मोबाइल चोरीला गेला की आपण पोलिसांत ‘तक्रार’ देतो. इथे ‘कम्प्लेंट करायची आहे’ म्हटलंत, तर ती पोलिसांच्याच विरोधात आहे असा अर्थ घेतला जातो. चोरी किंवा मारहाण झाली असेल तर ‘क्राइम रिपोर्ट करायचाय’ असं म्हणा. खाली आहे ते दुसऱ्या प्रकाराबद्दल: उद्धट बोलणं, विनाकारण झडती, किंवा चोरीचा तपास करतो म्हणून पुढे काहीच न कळवणं. नियम इंग्लंड आणि वेल्सचे आहेत. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे.

तक्रारीला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, आणि कुणाची ओळख काढावी लागत नाही. तुमच्या वतीने दुसरं कुणीही ती करू शकतं, फक्त तुमची लेखी परवानगी हवी. इंग्लंड-वेल्समध्ये 43 प्रादेशिक पोलीस दलं आहेत. तुम्ही राहता कुठे हे महत्त्वाचं नाही; तो अधिकारी ज्या दलाचा, तिथेच तक्रार जाते. रेल्वे स्टेशनवरचा अधिकारी बहुतेकदा ब्रिटिश ट्रान्सपोर्ट पोलिसांचा असतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. दलाच्या संकेतस्थळावर फॉर्म असतो, 101 वर फोन करता येतो, ठाण्यात जाऊनही देता येते. आयओपीसी (इंडिपेंडंट ऑफिस फॉर पोलीस कंडक्ट) या पोलिसांवरच्या तक्रारींवर देखरेख ठेवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडेही फॉर्म भरता येतो, पण बहुतेक तक्रारी ती संबंधित दलाकडेच पाठवते. त्यामुळे थेट दलाकडे दिलेली बरी.

लिहिण्याआधी पुराव्याचं बघा, कारण तिथे वेळ फार थोडा असतो. अधिकाऱ्यांच्या छातीवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण पुरावा म्हणून राखून ठेवलं नाही, तर अनेक दलांत साधारण 31 दिवसांनी पुसलं जातं. दुकानांचे सीसीटीव्हीही फार दिवस साठवत नाहीत. म्हणून तक्रारीच्या पहिल्याच ओळींत तारीख, वेळ आणि जागा देऊन ‘हे चित्रण जपून ठेवावं’ असं स्पष्ट लिहा. रस्त्यात झडती झाली असेल तर तिच्या नोंदीची प्रत 3 महिन्यांच्या आत मागता येते. (नुसत्या झडतीच्या वेळी नाव-पत्ता सांगणं बंधनकारक नसतं.)

मजकूर एका पानात बसवा. खांद्यावरचा क्रमांक, काय घडलं ते क्रमाने, साक्षीदार, आणि शेवटी तुम्हाला काय हवंय: माफी, स्पष्टीकरण की चुकीची नोंद दुरुस्त करणं. वंशामुळे असं वागवलं गेलं असं वाटत असेल तर ते तसं लिहाच. कोणते शब्द वापरले, शेजारच्या माणसाला वेगळं कसं वागवलं, हे सांगा. संकोचाने ते वगळलंत, तर त्या अंगाने चौकशी होईलच असं नाही.

यानंतरचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, आणि आपले लोक इथेच मागे पडतात. काही दिवसांनी गोड आवाजात फोन येतो: ‘आपण हे बोलून मिटवूया का?’ किरकोळ बाब असेल तर जरूर मिटवा, त्यात गैर काही नाही. पण अशा अनौपचारिक मार्गाने मिटवलेल्या तक्रारीला पुढे फेरतपासणीचा हक्क राहत नाही. तो हवा असेल तर ‘ही तक्रार शेड्यूल 3 खाली नोंदवा’ (म्हणजे पोलीस रिफॉर्म ॲक्ट 2002 च्या परिशिष्टाखाली, औपचारिकपणे) असं सांगा आणि तेच ईमेलनेही कळवा. तुम्ही मागितलंत की त्यांना नोंदवावीच लागते. तशी नोंद झाली की दर 28 दिवसांनी प्रगती कळवणं हे त्यांचं कर्तव्य आहे.

निकालाचं पत्र आलं की त्यावरची तारीख आधी पाहा. त्या तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून 28 दिवसांत फेरतपासणी मागावी लागते. पत्र तुमच्या हातात कधी पडलं यावरून मोजणी होत नाही. अर्ज कुणाकडे करायचा, आयओपीसीकडे की स्थानिक पोलीस आयुक्तांच्या कार्यालयाकडे, हे पत्रातच असतं. हे आयुक्त निवडून आलेले असतात, मुंबई-पुण्याच्या पोलीस आयुक्तांसारखे वर्दीतले अधिकारी नव्हेत. लंडनमध्ये मेट्रोपोलिटन पोलिसांसाठी हे काम महापौरांचं कार्यालय पाहतं. फेरतपासणीत तपास पहिल्यापासून होत नाही, तक्रारीची हाताळणी वाजवी होती का एवढंच पाहतात. त्यामुळे सगळी हकिगत पुन्हा लिहू नका. कोणत्या मुद्द्याला उत्तर मिळालं नाही, कोणता साक्षीदार विचारलाच नाही, ते लिहा.

तक्रार केल्याने दंड रद्द होत नाही, खटला थांबत नाही. दंडाला आव्हान त्याच्या स्वतःच्या मुदतीतच द्यावं लागतं. भरपाई हवी असेल तर दिवाणी दाव्याचा विचार करावा लागतो, आणि मानवी हक्कांच्या कायद्याखालच्या दाव्याची मुदत साधारणपणे फक्त 1 वर्ष असते. तुमच्यावरच गुन्हा दाखल असेल, तर तक्रारीचा एक शब्दही लिहिण्याआधी तुमच्या वकिलाशी बोला, कारण त्यातला मजकूर खटल्यात पुढे येऊ शकतो. व्हिसाची मुदत संपली असेल किंवा त्यात काही अडचण असेल, तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाकडे जा. पोलीस अशी माहिती गृहखात्याला देऊ शकतात.