ठाणे-वाशी लोकलचा अर्धा तास अभ्यासाला कसा लावावा

'घरी जाऊन अभ्यास करू' म्हटलं की स्वयंपाक, मुलांचा गृहपाठ आणि झोप मिळून तो बेत उधळून लावतात. नोकरी सांभाळून एखादी परीक्षा द्यायची असेल, तर सकाळच्या लोकलचा अर्धा तास पक्का धरा.

१. रविवारी चारच तुकडे ठरवा, सोमवार ते गुरुवार. 'गणित' एवढंच लिहू नका, 'टक्केवारीची ८ उदाहरणं' असं लिहा. गाडीत बसून काय करायचं याचा विचार सुरू झाला की ऐरोली येतं आणि हात मोबाइलकडे जातो.

२. तेवढ्याच पानांची पाठपोट झेरॉक्स काढून डब्याच्या पिशवीत ठेवा. जाडजूड पुस्तक गर्दीत उघडतच नाही.

३. गाडी ठाण्याहूनच सुटते. एक सोडून पुढचीसाठी थांबलात तर बसायला मिळण्याची शक्यता बरी.

४. कोपरखैरणे आलं की कागद मिटा. वाशीपर्यंत वाचलेलं मनात आठवा. खरा अभ्यास हाच.

शुक्रवार राहिलेल्या कामासाठी मोकळा ठेवा, गाड्या रखडतातच.

मात्र संध्याकाळची परतीची गाडी या हिशोबात धरू नका. दमलेल्या डोक्याने दोन दिवस रेटाल, तिसऱ्या दिवशी सकाळचाही कंटाळा येईल.