दुभत्या गाईच्या लाथा मोजायच्या कशा: एनएफएलमध्ये रिसीव्हरचा ट्रेड

मार्च 2005 मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमधल्या मिनेसोटा व्हायकिंग्जनी रँडी मॉस हा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, ओकलंड रेडर्सना दिला. बदल्यात ड्राफ्टमधला, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या वार्षिक फेऱ्यांमधला, सातवा पिक (निवडीची सातवी पाळी), नेपोलियन हॅरिस हा बचावातला लाइनबॅकर आणि शेवटच्या फेरीचा एक पिक मिळाला. एप्रिल 2007 मध्ये रेडर्सनी तोच मॉस न्यू इंग्लंड पेट्रियट्सना 110व्या पिकवर देऊन टाकला. पिकांचं मोल काढायच्या, जिमी जॉन्सन या कोचच्या जुन्या तक्त्यात सातव्या पिकला 1500 गुण आहेत आणि 110व्याला 74. त्याच हंगामात मॉसने 23 टचडाउन (सहा गुणांचे स्कोअर) पकडले. हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. दोन वर्षांत त्याची पत उतरली होती, खेळ शाबूत होता.

अमेरिकन फुटबॉलमध्ये रिसीव्हर घेताना किंवा विकताना नेमकं हेच तोलायचं असतं. दुभत्या गाईच्या लाथा गोड, हे खरं. पण दूध किती लिटर आणि लाथ कुठे बसते, दोन्ही आधी मोजा.

आधी ‘स्वभाव वाईट’ हे शब्द खोडा

स्काउटच्या (खेळाडू पारखणाऱ्याच्या) अहवालात हे दोन शब्द आले की पुढे कुणी विचारच करत नाही. त्याखाली चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. त्या वेगळ्या काढा.

पहिली, कायदा आणि हिंसा. अटक, लीगची चौकशी, घरातली मारहाण. हा कप्पा भरलेला असेल तर गणित करत बसू नका, फोन ठेवा.

दुसरी, हजेरी. सराव, बैठका, दुखापतीनंतरचे उपचार. ही मोजता येते आणि बहुतेक वेळा संघाला इथेच फटका बसतो.

तिसरी, बॉलची मागणी. सामन्यात साठेक स्नॅप (एकेक चाल) होतात आणि त्यातले आठ-दहा बॉल पहिल्या नंबरच्या रिसीव्हरकडे येतात. बाकी वेळ तो नुसता धावतो. असा माणूस बाकावर हेल्मेट आपटतो तेव्हा तो बहुधा कामाची भूक दाखवत असतो. आमच्या मते या कप्प्याला फार कमी वजन द्यावं. 2019 मध्ये व्हायकिंग्जच्या स्टेफॉन डिग्जकडे 94 पास टाकले गेले. त्या हंगामात त्याने सराव आणि बैठका चुकवल्या, दंडही भरला. पुढच्या वर्षी ट्रेडमध्ये घेऊन बफेलोने त्याच्याकडे 166 पास टाकले आणि 127 झेल, 1,535 यार्ड घेऊन तो दोन्हींत लीगमध्ये पहिला आला.

चौथी, पैसे. करार संपत आलाय आणि बरोबरीच्या रिसीव्हरला दुप्पट मिळतंय, म्हणून चाललेली कुरकुर. तिच्यावर औषध एकच, नवा करार. तो द्यायचा नसेल तर ट्रेड करूच नका.

आजार मात्र या चारांत कोंबू नका. ब्रँडन मार्शलने 2011 मध्ये आपल्या मानसिक आजाराचं निदान जाहीरपणे सांगितलं. 2012 मध्ये शिकागो बेअर्सनी तो तिसऱ्या फेरीच्या दोन पिकवर घेतला आणि त्या हंगामात त्याने 118 झेल, 1,508 यार्ड दिले.

फिल्म: बॉल नसताना बघा

झेलांच्या क्लिप सगळेच बघतात. तुम्ही गेल्या हंगामातले असे पन्नास स्नॅप काढा, ज्यांत बॉल त्याच्याकडे आलाच नाही. सगळ्या मैदानाची, उंचावरून घेतलेली फिल्म लागते. टीव्हीच्या चित्रात रिसीव्हर तिसऱ्या सेकंदाला चौकटीबाहेर जातो.

डावीकडे धावायचा डाव आहे आणि हा उजव्या टोकाला आहे. समोरच्या कॉर्नरबॅकला (रिसीव्हरला रोखणाऱ्या बचावपटूला) तो छातीला भिडून अडवतो, की दोन पावलं टाकून कमरेवर हात ठेवतो? रूट (धावायचा ठरलेला मार्ग) 12 यार्डांवर आत वळायचा आहे, तो 10वरच वळतो का? वळत असेल तर कधी: पहिल्या क्वार्टरमध्ये, की संघ 14 गुणांनी मागे पडल्यावर? क्वार्टरबॅक (पास टाकणारा) जागा सोडून पळायला लागला की हा त्याच्याकडे परत येतो का? इंटरसेप्शन झाल्यावर, म्हणजे समोरच्यांनी पास पळवल्यावर, मागे धावतो का? पन्नासपैकी पाच-सहा वेळा ढिलाई सगळेच करतात. पंधरा-वीस झाल्या तर ती सवय आहे. मग त्याच फिल्मवर स्कोअर मांडा. हरतानाच ढिलाई दिसत असेल तर जिंकणाऱ्या संघात ती पुष्कळ कमी होते. मॉसचं तेच झालं. 2006 मध्ये 2-14 अशा रेडर्सकडून त्याचे झेल 42, पुढच्या वर्षी 16-0 अशा पेट्रियट्सकडून 98.

फोन कुणाला

विकणाऱ्या जनरल मॅनेजरच्या शब्दावर जाऊ नका. माल खपवणं हे त्याचं कामच आहे. तो क्लब सोडून गेलेला रिसीव्हर-कोच, जुना ट्रेनर, कपडे आणि हेल्मेट सांभाळणारा माणूस, यांना विचारा. ‘माणूस कसा आहे?’ विचारलंत तर ‘चांगला आहे’ एवढंच ऐकाल. किती बैठकांना उशीर झाला, किती मिनिटं, उपचाराला न सांगता किती वेळा आला नाही, हे विचारा. खुद्द खेळाडूशी किंवा त्याच्या एजंटशी मात्र त्याच्या क्लबच्या परवानगीशिवाय बोललात तर ते टॅम्परिंग ठरतं. त्याला शिक्षा आहे.

किंमत

समजा, निव्वळ खेळावर त्याचं मोल 22व्या पिकएवढं आहे. जॉन्सनच्या तक्त्यात 780 गुण. क्लब आता आपापले तक्ते वापरतात, पण अंदाजाला हा चालतो. दुखापती, निलंबन, बाहेर बसवणं सगळं धरून तो 17पैकी 12 सामने मिळेल असं वाटतं. 780 गुणिले 12 भागिले 17, म्हणजे 550. तो 35वा पिक झाला, दुसऱ्या फेरीची सुरुवात. तुमचा वरचा आकडा हा. समोरचा पहिल्या फेरीवर अडला तर अटींचा पिक सुचवा: ठरावीक स्नॅप खेळला तर वरची फेरी, नाहीतर खालची.

उरलेली जोखीम करारात घाला. 2019 मध्ये रेडर्सनी अँटोनियो ब्राउनला तिसऱ्या आणि पाचव्या फेरीच्या पिकवर आणलं आणि तीन कोटी डॉलरांहून जास्त रकमेची हमी दिली. वर्तनाबद्दल दंड झाला तर हमी रद्द करता येईल, अशी तरतूद होती. सप्टेंबरमध्ये त्यांनी हमी रद्द केली आणि एकही लीग सामना न खेळता तो बाहेर गेला. पिक बुडाले, पण हमीची रक्कम वाचली. मोठा साइनिंग बोनस (सही करतानाच मिळणारी रक्कम) देऊन मोकळं होऊ नका. रक्कम दर सामन्याच्या हजेरीवर वाटून द्या.

विकत असाल तर

रागात विकू नका, आणि राग आलाय हे बाहेर कळू देऊ नका. ब्राउनचं जुन्या क्लबशी भांडण जगजाहीर झालं होतं, म्हणून पिट्सबर्ग स्टीलर्सना एवढंच मिळालं. वर साइनिंग बोनसचा उरलेला हिस्सा जुन्या क्लबच्याच सॅलरी कॅपवर (पगारांच्या मर्यादेवर) पडतो. त्यांना 2019 मध्ये 2 कोटी 11 लाख डॉलरांचं असं डेड मनी (गेलेल्या खेळाडूचा उरलेला बोजा) सोसावं लागलं. 1 जूननंतर ट्रेड केला तर हा बोजा दोन वर्षांत विभागतो, पण तोवर त्या वर्षीचा ड्राफ्ट होऊन गेलेला असतो.

त्याच्या जागी कोण, हे विकण्याआधी ठरवा. मिनेसोटाने मॉसच्या सातव्या पिकवर ट्रॉय विल्यमसन घेतला आणि तीन हंगामांनी सहाव्या फेरीच्या पिकवर सोडला. डिग्जच्या बदल्यात मिळालेल्या 22व्या पिकवर त्याच क्लबला जस्टिन जेफरसन मिळाला, पहिल्याच वर्षी 1,400 यार्ड. जेफरसन सापडेलच या भरवशावर विल्यमसनची पाळी ओढवून घेऊ नका.

आणल्यावर

पेट्रियट्सकडे कोच बेलिचिक आणि क्वार्टरबॅक ब्रेडी होते, आधीच तीन सुपर बोल (लीगचे अंतिम सामने) जिंकलेले. मॉस तिथे मोठा करार सोडून, बराच कमी पैसा घेऊन एका वर्षासाठी आला. क्वार्टरबॅक नवखा, कोचची खुर्ची डळमळीत, अशा घरात वरचा 550चा आकडाही जास्त आहे.

पहिल्या बैठकीला उशीर झाला तर दंड त्याच दिवशी लावा. शेवटच्या राखीव खेळाडूला जो लावाल, तोच. बाहेर काढायची तारीखही आधीच ठरवा. 2024 पासून ट्रेडची मुदत नवव्या आठवड्यानंतरच्या मंगळवारी संपते. पर्सी हार्विन या रिसीव्हरसाठी सिएटल सीहॉक्सनी पहिल्या फेरीसह तीन पिक मोजले होते. तरी ऑक्टोबर 2014 मध्ये त्यांनी तो अटींच्या एका पिकवर जेट्सना दिला आणि त्या हंगामात पुन्हा सुपर बोल गाठला. उलट 2010 मध्ये मिनेसोटाने मॉस तिसऱ्या फेरीच्या पिकवर परत आणला, चार सामन्यांनी काढला. तोवर त्या वर्षीची मुदत संपली होती. टेनेसीने तो वेव्हर्सवरून (सोडलेल्या खेळाडूंच्या यादीतून) एकही पिक न देता उचलला.