स्कूबाचा फॉर्म भरताना एवढं बघाच

पुण्यातून तारकर्ली-मालवणला स्कूबाला जाणारे किंवा इथेच पूलवर कोर्स सुरू करणारे, फॉर्मवर सही करायच्या आधी दोन मिनिटं थांबा. मेडिकल फॉर्ममध्ये दमा, हार्ट, कान, फिट्स, चालू गोळ्या, प्रेग्नन्सी असं सगळं विचारतात आणि तिथे खरंच लिहायचं, लपवलं तर पाण्याखाली जिवावर बेतू शकतं. पण तो फॉर्म ट्रिपच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही! आमच्या बॅचला कोथरूडच्या एका ताईंनी भरलेल्या फॉर्मचा फोटो ग्रुपवरच टाकला, कारण ‘फॉर्म इथेच टाका’ असाच मेसेज होता, आणि त्यांचा बीपी, गोळ्यांची नावं सगळं तीस अनोळखी लोकांनी वाचलं. मला फार वाईट वाटलं. कागद थेट इन्स्ट्रक्टरच्या हातात द्या आणि नंतर तो कुठे ठेवणार, कोण बघणार हे सरळ विचारा.

दुसरं म्हणजे जबाबदारीच्या फॉर्ममध्येच (काही झालं तर जबाबदारी आपली, असं लिहून देतो तो) कधीकधी खाली बारीक अक्षरात ‘फोटो-व्हिडिओ जाहिरातीसाठी वापरू’ असं असतं, ती ओळ खोडा, बाजूला सही करा, डायव्हिंगशी तिचा काही संबंध नाही. लहान मुलं सोबत असतील तर नक्कीच.

नंतर त्या स्कूबावाल्यांचे ऑफरचे मेसेज येतच राहिले तर त्यांना ‘माझी संमती मागे घेतो, नंबर काढून टाका’ असं लेखी पाठवा, संमती मागे घ्यायचा हक्क २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात दिलाय. आणि १९०९वर डीएनडी (जाहिरातीचे कॉल-मेसेज नकोत अशी नोंद) पण टाकून ठेवा.