जुन्या गाडीचा पिकअप अडखळतोय? घेण्याआधी हे तपासा

गेल्या वेळी मी थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) बदलली, प्लग बदलले, पेट्रोल फिल्टर बदलला आणि साखरपा सोडून आंबा घाटाला लागल्यावर गाडी परत हुंदके द्यायला लागली. मागे ट्रक, पुढे वळण, पाय पार खाली, आणि गाडी विचार करतेय. शेवटी रत्नागिरीतल्या एका वायरमनने इंजिन आणि गाडीच्या बॉडीमधली अर्थ वायर (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी) बोटाने नुसती हलवली, तर ती लगपासून, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीपासून, सुटून हातात आली. वरचं आवरण शाबूत, आत हिरवी भुकटी. "एवढा खर्च केलात, आणि ही नाय बघितलीत?" नाही बघितली.

कागदपत्रं, टायर, ऑइल यावर मी बोलत नाही.

विकणाऱ्याला आदल्या रात्रीच फोन करून सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर इंजिन पूर्ण गार झाल्यावर परत या, कारण गार इंजिनचे झटके लपवायला आधी गाडी तापवून ठेवतात.

सोबत ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड मोबाइलवर दाखवणारा), मल्टिमीटर, जम्पर केबल आणि टॉर्च. एकही कोड दिसला नाही म्हणून खूश होऊ नका. बऱ्याच ॲपमध्ये कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली ते दिसतं. तिथे 5-10 असेल तर नुकतेच कोणीतरी कोड पुसलेत. मग ॲपच्या लाइव्ह डेटात ॲक्सिलरेटर पेडलचा आकडा लावा आणि पेडल अगदी सावकाश दाबा. आकडा सलग चढला पाहिजे, मध्येच उडाला तर पेडलचा सेन्सर संशयित. पेडल नीट चढतंय पण थ्रॉटल मागे रेंगाळतोय, तर थ्रॉटल बॉडी किंवा तिचं वायरिंग. आणि वायरिंग म्हटलं की आधी अर्थ. (पेडल केबलने थ्रॉटलला जोडलेलं असतं अशा जुन्या गाडीत केबल ढिली आहे का, अडकतेय का, एवढंच बघा.)

आता अर्थ. नुसतं डोळ्यांनी बघून पुढे जाऊ नका, मोजा. आपल्याकडे खारा वारा बारा महिने, वर चार महिने पाऊस. गंज लगच्या आत धरतो, बाहेरून कळत नाही. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर, वायरच्या क्लॅम्पवर नाही, पोलवर. दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. 0.1 व्होल्टच्या आसपास ठीक, 0.3-0.4 दिसलं तर अर्थ खराब. मग तेच गाडीच्या बॉडीच्या उघड्या धातूवर. सगळं बंद ठेवून मोजलंत तर करंटच वाहत नाही, शून्यच येणार, आणि तुम्ही समाधानाने गाडी घेऊन याल. सेन्सरचा सिग्नल जेमतेम 5 व्होल्टच्या आतला. अर्थमध्ये थोडे व्होल्ट जरी अडकले तरी ईसीयूला (गाडीच्या कॉम्प्युटरला) चुकीचं वाचन जाऊ शकतं, आणि दोष थ्रॉटलच्या माथी. खात्री करायची तर इंजिन बंद करून जम्पर केबल निगेटिव्हपासून थेट इंजिनला जोडा, बेल्ट-पंख्यापासून लांब ठेवा, मग सुरू करून रेस द्या. फरक पडला? सापडला चोर. वायर काही शे रुपयांची. माझे थ्रॉटल बॉडीत किती गेले ते घरी अजून सांगितलेलं नाही.

बाकीचं भराभर. एअर फिल्टरचा डबा उघडा, कधी कधी उंदराचं घरटं असतं. तिथून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी पाइपच्या घड्या ताणून चीर बघा. थ्रॉटलवर कार्बन असेल तर साफ करता येतो, पण नंतर काही गाड्यांत आयडल (पेडल न दाबता इंजिन चालतं तो वेग) ईसीयूला परत शिकवावं लागतं. फक्त चढावर झटके म्हणजे बहुधा प्लग, कॉइल, नाहीतर पेट्रोलचं प्रेशर. गिअर टाकताना धक्का बसतो तो बऱ्याचदा इंजिनच्या माउंटिंगचा (इंजिन ज्या रबरांवर बसतं त्यांचा). एएमटी (क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी) आणि टर्बो डिझेल थोडं उशिरा उचलतातच, त्यावरून भांडू नका.

टेस्ट ड्राइव्ह चढावरच घ्या, एसी लावून. आणि निघण्याआधी मल्टिमीटरचा सेल बघा. माझा ऐनवेळी उतरलेला होता, शेजाऱ्याकडून मागून आणला.