जड काम करताना अचानक बंद पडणारा लॅपटॉप : दोष कसा शोधावा

व्हिडिओ रेंडरला लावल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पडदा एकदम काळा होतो, पंख्याचा आवाज त्याच क्षणी थांबतो आणि लगेच बटण दाबले तर लॅपटॉप सुरूही होत नाही. ही तक्रार घेऊन दुकानात गेलेल्या माणसाला बहुतेक वेळा ‘विंडोज नव्याने टाकू’ असे सांगितले जाते. हा सल्ला मानू नये. विंडोजमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये बिघाड असेल तर सहसा निळा पडदा येतो किंवा मशीन गोठते. वायर उपटल्यासारखा बंद पडणारा लॅपटॉप मात्र उष्णतेचा किंवा वीजपुरवठ्याचा दोष दाखवत असतो, आणि फॉरमॅट केल्याने डेटा जातो, दोष जागच्या जागी राहतो.

सर्वप्रथम लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवावा. तो डुगडुगत असेल, टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळ फुगलेला दिसत असेल, तर बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी चार्जिंग तत्काळ थांबवावे आणि पुढची एकही चाचणी न करता बॅटरी तज्ज्ञाकडून काढून घ्यावी.

त्यानंतर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजमधल्या घडामोडींच्या नोंदी दाखवणारे साधन, उघडावे. तेथे ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दिसते आणि अनेक जण तिलाच निदान समजतात. प्रत्यक्षात मागच्या वेळी यंत्रणा रीतसर बंद झाली नव्हती, एवढेच ती सांगते. उपयोगाचा आकडा तिच्या तपशिलात असतो. बगचेक कोड (निळ्या पडद्यामागच्या बिघाडाचा क्रमांक) शून्य असेल तर पुढे वाचावे. शून्याखेरीज काही असेल तर ड्रायव्हर तपासावेत आणि रॅमसाठी मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावे.

उष्णता आणि वीज यांतला फरक कळण्यासाठी एचडब्ल्यूइन्फो (HWiNFO) हे तापमान आणि इतर आकडे दाखवणारे मोफत साधन पुरेसे आहे. त्यात नोंदी फाइलमध्ये साठवण्याची सोय सुरू करावी, ज्या कामात लॅपटॉप बंद पडतो तेच काम लावावे आणि बंद पडल्यानंतर फाइलच्या शेवटच्या ओळी पाहाव्यात. बहुतेक लॅपटॉप-प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तेथे पोहोचल्यावर प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो, आणि तरीही ताप चढतच राहिला तर बचावासाठी यंत्रणा वीज तोडते. शेवटच्या ओळीत असे आकडे असतील तर दोष थंड करण्याच्या व्यवस्थेत आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप दोन्ही ७० अंशांवर असताना लॅपटॉप बंद पडला असेल तर वीजपुरवठ्याकडे वळावे.

विजेची तपासणी थोडक्यात होते. अ‍ॅडाप्टरवर छापलेले वॅट कंपनीने दिलेल्या मूळ अ‍ॅडाप्टरइतके आहेत का, हे पाहावे. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ (powercfg /batteryreport) या आज्ञेने बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्जची क्षमता यांची तुलना करावी. जीर्ण बॅटरी ४० टक्के चार्ज दाखवत असतानाही एकदम भार पडल्यावर दगा देते. काही गेमिंग लॅपटॉप अ‍ॅडाप्टर जोडलेला असतानाही मोठ्या भाराच्या वेळी बॅटरीतून थोडी वीज घेतात, त्यामुळे ‘मी तर प्लग लावूनच वापरतो’ म्हणून बॅटरीला वगळू नये.

आता थंड करण्याच्या व्यवस्थेविषयी. मी इचलकरंजीत यंत्रमागांना लागून असलेल्या कचेऱ्यांतले अनेक लॅपटॉप उघडले आहेत. पंख्याची पाती वरून स्वच्छ दिसतात, पण पंखा आणि हीटसिंकच्या (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या) फिन, म्हणजे पातळ पट्ट्या, यांच्यामध्ये कापसाच्या तंतूंचा थर बसलेला असतो, आणि चिमट्याने ओढला तर तो पट्टीसारखा अखंड बाहेर येतो. बाहेरून ब्लोअर मारून तो निघत नाही. कूलिंग पॅडही येथे निरुपयोगी ठरतो, कारण हवेची वाटच बंद झालेली असते. तळ उघडल्यावर आधी बॅटरीचा कनेक्टर काढावा आणि साफ करताना पाती बोटाने धरून ठेवावीत.

थर्मल पेस्ट, म्हणजे चिप आणि हीटसिंक यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप, बदलणे सोपे आहे, असे सांगणारे थर्मल पॅडविषयी, म्हणजे त्याच कामासाठी इतर चिपांवर बसवलेल्या मऊ पट्ट्यांविषयी, बोलत नाहीत, आणि मी फसलो तो तेथेच. चार वर्षे वापरलेल्या एका लॅपटॉपची पेस्ट मी बदलली आणि मेमरी चिपांवरचे फाटलेले पॅड काढून बाजारात मिळाले ते दीड मिलिमीटरचे लावले. आधी पंधरा मिनिटांनी बंद पडणारे ते मशीन आता तीन मिनिटांत बंद पडू लागले. मी पेस्टला दोष देऊन ती दोनदा बदलली आणि त्यात दोन दिवस घालवले. तिसऱ्यांदा हीटसिंक उचलल्यावर नीट पाहिले, तेव्हा प्रोसेसरच्या एका कोपऱ्यात पेस्ट दाबलीच गेली नव्हती. लावली तशीच जाड उभी होती. मूळ पॅड एक मिलिमीटरचे होते, आणि माझ्या जाड पॅडांनी हीटसिंक प्रोसेसरवरून उचलून धरला होता.

म्हणून माझे म्हणणे असे की, शाबूत पॅडांना हात लावू नये. बदलावेच लागले तर जुन्या पॅडची न दबलेली कड व्हर्नियरने मोजावी, कारण दबलेल्या भागाची जाडी फसवी असते. पॅड मऊ जातीचाच घ्यावा. नवी पेस्ट लावल्यावर हीटसिंक एकदा पूर्ण आवळून पुन्हा काढावा आणि ठसा पाहावा: सगळीकडे सारखा पातळ थर असेल तर जुळणी बरोबर आहे. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पेस्ट पुन्हा लावावी. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर धातूचे झाकण नसते, तेव्हा चिपचा सगळा पृष्ठभाग झाकला गेलाच पाहिजे. हीटसिंकवर कोरलेल्या आकड्यांच्या क्रमाने प्रत्येक स्क्रू थोडा थोडा आवळावा. एकच स्क्रू आधी पूर्ण पिळला तर समोरची बाजू उचलली जाते. हीटसिंक काढल्यावर आत पाऱ्यासारखा चकाकणारा द्रव दिसला तर तो लिक्विड मेटल आहे. त्यातून वीज वाहते, त्यामुळे काम तेथेच थांबवून लॅपटॉप जाणकाराकडे न्यावा.

शेवटी तेच काम, त्याच खोलीत, तासभर चालवून नवी नोंद जुन्या नोंदीशी ताडावी. खोली २६ अंशांऐवजी ४० अंशांवर असेल तर चिपचे तापमानही जवळपास तेवढेच वर जाते, म्हणून जानेवारीतली नोंद मेमधल्या नोंदीशी ताडू नये. प्रोसेसरचा एखादा कोअर (आतला स्वतंत्र काम करणारा भाग) इतरांपेक्षा सतत १५-२० अंशांनी गरम राहत असेल तर हीटसिंक अजून नीट बसलेला नाही. सगळे आकडे उत्तम असून चांगल्या बॅटरीवर आणि मूळ अ‍ॅडाप्टरवरही लॅपटॉप बंद पडत असेल, तर संशय मदरबोर्डच्या वीज-विभागावर जातो. ते काम घरी होत नाही. दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती दोन्ही नोंदींच्या फाइल द्याव्यात आणि त्याच भागाची तपासणी मागावी.