ख्रिस्ती राज्यविचारावर लिहिताय? या चुका टाळा

'माणूस पापी, म्हणून कडक राजा हवा.' सांगलीत एम.ए.च्या पोरांचे निबंध तपासताना हे वाक्य इतक्यांदा भेटतं की ते कुठल्या झेरॉक्स नोट्समधलं आहे, हेही मला आता पाठ झालंय. अरे, पाप सगळ्यांत आहे म्हटल्यावर राजा सुटला कसा? ज्या कारणाने पोलीस लागतो, त्याच कारणाने पोलिसावरही नजर लागते. अमेरिकेच्या राज्यघटनेचा एक शिल्पकार मॅडिसन, त्याने १७८८ साली हेच मांडलं: माणसं देवदूत असती तर सरकार लागलंच नसतं, आणि देवदूत राज्य करत असते तर सरकारवर अंकुश लागला नसता. त्याला प्रिन्स्टनला शिकवणारा विदरस्पून हा प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचा पाळक, म्हणजे धर्मगुरू होता. मिरजेचं मिशन हॉस्पिटल उभारलं तेही प्रेस्बिटेरियनांनीच. त्या पंथाच्या रीतीत मंडळीचा, म्हणजे चर्चचा, कारभार एकट्या पाळकाच्या हाती नसतो. मंडळीने निवडलेले 'वडील', म्हणजे जाणती माणसं, सोबत बसतात; म्हणजे तिथेही एकट्यावर नजर आहेच.

दुसरी चूक एकाच वचनावर अख्खा निबंध उभा करण्याची. आमच्या अभ्यासमंडळात एका उत्साही पोराने बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा, सत्तेच्या अधीन राहा सांगणारा, तेरावा अध्याय वाचला आणि जाहीर केलं, 'ख्रिस्ती माणूस सत्तेपुढे मान तुकवतो.' मिरजेहून आलेले एक निवृत्त गुरुजी शांतपणे म्हणाले, "बाळ, जरा मागं जा. प्रेषितांची कृत्ये, ५:२९." बायबलमधल्याच या पुस्तकात येशूचा शिष्य पेत्र सांगतो, माणसांपेक्षा देवाची आज्ञा पाळायची. मग त्यांनी १ शमुवेलाचा आठवा अध्याय काढला: राजा तुमची मुलं नेईल, शेतं घेईल, पिकाचा दहावा हिस्सा उचलेल. पोरगं गप्प. गुरुजींनी वर हिटलरच्या राजवटीतली १९३४ ची बार्मेन घोषणाही ऐकवली, ज्यात जर्मन प्रोटेस्टंटांनी राज्यसंस्थेचा सर्वंकष दावा नाकारला होता. म्हणून मी वचन उतरवण्याआधी त्याच्या उलट जाणारं वचन शोधतो. वेळ जातो, जाऊ दे. घाई असलेल्यांनी गाईड घ्यावं आणि माझ्याकडे येऊ नये.

पाप लिहून उत्पत्ती १:२७ विसरू नका. माणूस देवाच्या प्रतिरूपाचा, म्हणून त्याला चिरडायचा हक्क राज्यालाही नाही.

ऑगस्टीन आणि त्याच्या कित्येक शतकांनंतरचा अक्वायनस, या दोन ख्रिस्ती विचारवंतांना एका वाक्यात कोंबू नका. ऑगस्टीनच्या मते माणसाची माणसावरची हुकमत पापानंतर आली. अक्वायनस म्हणतो, पाप नसतं तरी सामायिक हितासाठी कुणीतरी दिशा द्यावीच लागली असती.

सोळाव्या शतकात उदयाला आलेल्या अॅनाबॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाला वगळू नका. त्यांच्यातल्या बहुतेकांनी सत्तेची तलवार हातात घ्यायलाच नकार दिला.

आणि माणसांच्या आपसातल्या भीतीतून सर्वसत्ताधीश मांडणाऱ्या इंग्रज विचारवंत हॉब्जला 'ख्रिस्ती मताचा प्रतिनिधी' म्हणाल, तर तिथेच मार्क कापतो.