मैदानावर पृथ्वीचं पोट आखायचं तर

पुस्तकातली आकृती आधी विसरा. तिच्यात कवच भाकरीएवढं जाड दाखवतात.

1 सेंटिमीटरला 10 किलोमीटर असं प्रमाण धरा. मधोमध खुंटी ठोका, सुतळीला 1.22, 3.48 आणि 6.37 मीटरवर गाठी मारा अन् फक्कीनं तीन वर्तुळं ओढा. आत घन गाभा, मग वितळलेल्या लोह-निकेलचा, मग प्रावरण. सुतळी ताणलेलीच ठेवा. पोरं हमखास ढिली सोडतात.

आता कवच. बाहेरच्या रेषेपासून आत जेमतेम साडेतीन सेंटिमीटर, बस्स! फक्कीची रेघच तेवढी जाड पडते, म्हणून इथं खिळ्यानं कोरा.

आमच्या औशाकडची पोरं विचारणारच, "सर, किल्लारी कुठं?" 30 सप्टेंबर 1993 चा 6.2 तीव्रतेचा भूकंप 10 किलोमीटरहून कमी खोलीवर झाला. म्हणजे रेषेच्या आत सेंटिमीटरभरही नाही. तिथं ज्वारीचा दाणा ठेवा. खोली एवढी कमी, म्हणून हादरा जबर. त्यात दगडमातीची जड माळवदं.

"पण भूकंप तर बहुतेक भूपट्टाच्या कडेला होतात, आपण मध्यात ना?" हाही प्रश्न येतो, अन् यायलाच हवा. भूपट्ट म्हणजे पृथ्वीच्या वरच्या कठीण थराचा सरकता तुकडा. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर उत्तरेकडं सरकत हिमालयाला रेटतो. तो ताण आतल्या जुन्या भेगांवरही येतो. हे मैदानावर दाखवता येत नाही, तोंडीच सांगा.